चोरीला गेलेली कॉपी दीड कोटी डॉलरची कशी झाली: अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर 1 चं एक प्रकरण

जानेवारी 2026 मध्ये एक जुनं कॉमिक दीड कोटी डॉलरला गेलं. आजच्या भावानं सव्वाशे कोटी रुपयांच्या वर. आणि वस्तू काय, तर 1938 साली पेपरच्या ठेल्यावर दहा सेंटला मिळणारा, पिना मारलेला, साध्या न्यूजप्रिंटवर छापलेला 64 पानांचा अंक. अ‍ॅक्शन कॉमिक्स नंबर 1, सुपरमॅनचा पहिला. सौदा खाजगीत झाला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिस कलेक्टिबल्सवाल्यांनी जुळवून दिला, विकणारा आणि घेणारा दोघांनीही स्वतःचं नाव बाहेर येऊ दिलं नाही. कॉपी मात्र या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीची. नट निकोलस केज याच्या घरातून 2000 साली चोरीला गेलेली आणि अकरा वर्षांनी सापडलेली तीच ही.

अशी बातमी आली की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात, एक म्हणजे "वेड लागलंय लोकांना" आणि दुसरी म्हणजे "अरे जुनं आहे, दुर्मिळ आहे, किंमत असणारच". पहिल्याबद्दल मी वाद घालणार नाही. दुसरं मात्र अर्धवट आहे, कारण जुनी आणि दुर्मिळ कॉमिक्स ढिगानं पडलीयेत ज्यांना कुत्रं विचारत नाही, आणि याच अंकाच्या दुसऱ्या कॉप्या याच्या शंभराव्या भागालाही विकल्या गेल्यात. म्हणून अख्खा बाजार बघण्यापेक्षा ही एकच कॉपी धरून बघू, तिच्यात नक्की कसली कसली किंमत साठत गेली ते.

आधी कॉपीची हकीकत

केज हा कॉमिकवेडा माणूस. खरं आडनाव कोपोला, पण "केज" त्यानं उचललं ते मार्व्हल कॉमिक्सच्या ल्यूक केज या हिरोवरून, आणि 2005 मध्ये मुलगा झाला तर त्याचं नाव ठेवलं कॅल-एल, म्हणजे सुपरमॅनचं क्रिप्टॉन ग्रहावरचं नाव. असा माणूस पैसे आल्यावर काय घेणार. 1990 च्या दशकात त्यानं ही कॉपी लाख-दीड लाख डॉलरला घेतली, आणि त्या काळात एका कॉमिकला एवढे म्हणजे लोकांनी तोंडात बोटं घातली होती. मग जानेवारी 2000 मध्ये लॉस एंजेलिसच्या घरातून ती गेली, सोबत आणखी महागडे अंकही गेले, त्यात बॅटमॅनचा पहिला अंक डिटेक्टिव्ह कॉमिक्स 27 सुद्धा होता. विम्याचे पैसे मिळाले, प्रकरण थंड पडलं. 2002 मध्ये केजनं उरलेला संग्रह हेरिटेजच्या लिलावात काढला, त्याचे 16 लाख डॉलरच्या वर आले, पण मुख्य दागिना त्यात नव्हताच.

एप्रिल 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो व्हॅली भागात एका सोडून दिलेल्या स्टोरेज लॉकरमध्ये ती सापडली. तिकडे भाड्यानं गोदामाचा खण मिळतो, भाडं थकलं की आतल्या मालासकट खणाचा लिलाव करतात, तसल्या मालात. ओळख पटली, कॉपी केजकडे परत आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी कॉमिककनेक्टच्या लिलावात 21 लाख 60 हजार डॉलरला गेली. वीस लाखांचा टप्पा ओलांडणारं हे पहिलंच कॉमिक.

म्हणजे आधी लाख-दीड लाख, मग 21 लाख, मग दीड कोटी. मधल्या काळात कॉपीत काय फरक पडला? काहीच नाही. तोच कागद, त्याच पिना. उलट कागद पंधरा वर्षांनी आणखी जुना झाला.

"पहिला" म्हणजे नक्की कशात पहिला

हा भाग सोपा वाटतो पण खरी गंमत इथेच आहे. अ‍ॅक्शन 1 हे काही जगातलं पहिलं कॉमिक नाही. ठेल्यावर नियमित विकायला आलेलं फेमस फनीज 1934 चं आहे, आणि सुपरमॅन छापणाऱ्या, आज जिला डीसी म्हणतात त्या कंपनीचा पहिला अंक न्यू फन हा 1935 चा. न्यू फन नंबर 1 च्या कॉप्या अ‍ॅक्शन 1 पेक्षाही कमी उरल्यात, वयानं तो मोठा, कंपनीचा पहिला तोच, तरी किंमतीत तो याच्या जवळपासही येत नाही. नुसतं वय आणि नुसता दुष्काळ यावर भाव ठरत असता तर न्यू फन वरती असायला हवा होता.

तंग कपडे घातलेला पहिला हिरोही सुपरमॅन नाही. आपल्याकडे ज्याला इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ म्हणून लहानपणी डोक्यावर घेतलं तो ली फॉकचा फॅण्टम फेब्रुवारी 1936 पासून अमेरिकन पेपरांत चालू होता, मुखवटा, अंगाला चिकटलेला पोशाख, गुप्त ओळख, सगळं सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. (इंद्रजालचा मुंबईतून मार्च 1964 मध्ये निघालेला पहिला अंकही वेताळाचाच.) मग मान सुपरमॅनला का? कारण वेताळ साधा माणूस होता, शक्ती बिक्ती काही नाही, आणि तो रोजच्या पेपरातल्या पट्टीतून आला. माणसाच्या पलीकडची ताकद, पोशाख, दुहेरी आयुष्य, आणि हे सगळं कॉमिक बुकमध्ये, हा फॉर्म्युला पुढे आजपर्यंत बहुतेकांनी चालवला, आणि त्याची सुरुवात या अंकातल्या सुपरमॅनच्या 13 पानांत आहे. म्हणजे कलेक्टर "पहिला" म्हणतो तेव्हा तो मागं बघून बोलत असतो, नंतर जे काही झालं त्याची पहिली खूण कुठली. 1938 मध्ये हे कुणाला माहीत असणार.

खरोखरच माहीत नव्हतं. क्लीव्हलंडचे दोन पोरगे, जेरी सीगल लिहिणारा आणि जो शुस्टर काढणारा, वर्षानुवर्षं सुपरमॅन पेपरवाल्यांना दाखवत फिरले आणि नकार घेऊन आले. शेवटी पेपरसाठी बनवलेल्या पट्ट्या कापून कापून कॉमिकच्या पानावर चिकटवल्या आणि अंक भरला. कव्हरवर सुपरमॅन हिरवी गाडी उचलून दगडावर आपटतोय, ते बघून प्रकाशक हॅरी डोननफेल्डला हे काय भलतंच असं झालं होतं म्हणतात. अंकात बाकीचा मालही भरपूर होता, जादूगार झटारा, काउबॉय चक डॉसन, मार्को पोलो वगैरे, आणि सुपरमॅन कव्हरवर परत आला तो थेट सातव्या अंकाला. तोवर मुलं ठेल्यावर जाऊन "सुपरमॅनवालं द्या" म्हणायला लागली होती तेव्हा कुठे मालकांना कळलं आपल्या हातात काय लागलंय.

मग बाकीच्या कॉप्या गेल्या कुठे

साधारण दोन लाख कॉप्या छापल्या होत्या आणि आज शंभरेक उरल्या असतील असा या धंद्यातल्या लोकांचा अंदाज आहे. दोन लाखांतून शंभर, म्हणजे दोन हजारात एक. यात गूढ काही नाही. मुलांनी वाचल्या, दुमडून खिशात घातल्या, मित्राला दिल्या, आईनं टाकून दिल्या. या अंकात तर एक पान रंगवून, फाडून, पाठवा आणि एक डॉलर जिंका अशी स्पर्धाच होती, म्हणजे कंपनीनंच पान फाडायला सांगितलं होतं. त्यात दुसरं महायुद्ध आलं, शाळाशाळांतून मुलं रद्दी गोळा करायला लागली, देशासाठी कागद द्या म्हणून. मग 1940 च्या दशकाच्या शेवटी आणि पन्नाशीत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असं वारं सुटलं आणि काही गावांत चक्क होळ्या झाल्या कॉमिक्सच्या. आणि जे यातून वाचलं ते न्यूजप्रिंट असल्यामुळे आपोआप पिवळं होऊन चुरा व्हायला लागलं, त्या कागदातलं आम्लच त्याला आतून खातं.

उलटं उदाहरण द्यायचं तर 1992 च्या शेवटी आलेला सुपरमॅन 75, ज्यात सुपरमॅन मरतो. काळ्या पिशवीत सील करून विकला, लाखो लोकांनी "पुढे सोनं होणार" म्हणून दोन दोन, पाच पाच घेऊन न उघडता ठेवले, आणि सगळ्यांनी ठेवले म्हणूनच आज त्याला फार काही मिळत नाही. जपून ठेवायचं म्हणून जे छापतात ते पुढे दुर्मिळ होत नाही. 1938 चा अंक दुर्मिळ झाला कारण तो कुणी जपण्यासारखा मानलाच नाही, आणि ज्या थोड्या उरल्या त्या बहुतेक योगायोगानं उरल्या. मार्च 2010 मध्ये 15 लाख डॉलरला गेलेली 8.5 ग्रेडची कॉपी तर एका जुन्या सिनेमा मासिकाच्या पानांत दडून राहिली होती, म्हणून उजेड लागला नाही आणि कव्हरचे रंग टिकले.

ग्रेडचा खेळ

हे 8.5, 9.0 काय ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे पैसे इथे आहेत. 2000 पासून सीजीसी नावाची फ्लोरिडातली कंपनी कॉमिक तपासून दहापैकी मार्क देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते, त्या डबीला स्लॅब म्हणतात. तपासणारा बघतो काय, तर स्पाइनवर म्हणजे बाइंडिंगच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा उठल्यात का, कोपरे गोल झालेत का, पिनांना गंज आहे का, कव्हर पिनांवर घट्ट आहे का सुटलंय, कुणी पेननं नाव लिहिलंय का, पानं पांढरी की क्रीम की तपकिरी, एखादं पान, कूपन, कोपरा गायब आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी दुरुस्ती केलीय का. रंग उडालेल्या जागी रंग भरला, कडा कापून सरळ केल्या, तुकडा दुसरीकडून आणून जोडला, तर निळ्याऐवजी जांभळं लेबल मिळतं. आणि जांभळं लेबल म्हणजे भाव कोसळला. दिसायला ती कॉपी झकास असते हो, पण कलेक्टरला झकास नको असतं, 1938 मध्ये ठेल्यावर होती तशीच हवी असते.

केजची कॉपी 2011 मध्ये 9.0 आली. तोवर अ‍ॅक्शन 1 ला एवढे मार्क कुणालाच मिळाले नव्हते. फरक किती पडतो ते बघा, फेब्रुवारी 2010 मध्ये 8.0 ची कॉपी दहा लाखांना गेली, दहा लाख गाठणारं पहिलं कॉमिक तेच, आणि पावणेदोन वर्षांत 9.0 ला दुप्पट.

आता दुसरं टोक. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एल्बो लेक नावाच्या छोट्या गावात एका माणसानं मोडकळीला आलेलं घर 10,100 डॉलरला घेतलं, डागडुजी करताना भिंत फोडली तर आत थंडी अडवायला कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं आणि त्यातच अ‍ॅक्शन 1. घरात एकच धांदल उडाली, बायकोच्या नात्यातल्या एका बाईंनी अंक हातात घेतला, यानं तो परत ओढला, आणि मागचं कव्हर फाटलं. आलेला ग्रेड 1.5. विकली गेली 1,75,000 डॉलरला, आणि लिलाववाल्यांच्या हिशोबानं त्या एका फाटण्यात 75,000 डॉलर गेले. घराच्या सातपटीहून जास्त. बिचाऱ्या बाई.

तरी बघा, फाटकी, भिंतीत सत्तरेक वर्षं पडलेली कॉपीसुद्धा पावणेदोन लाखांना. ही झाली "पहिला" असण्याची किंमत, ती प्रत्येक कॉपीला मिळतेच. त्यावरचे जे कोटी आहेत ते कागदाच्या तब्येतीचे.

आणि तब्येत कधीकधी पहिलेपणावर सुद्धा मात करते. नोव्हेंबर 2025 मध्ये हेरिटेजच्या लिलावात सुपरमॅन नंबर 1, म्हणजे 1939 मध्ये त्याच्या नावानं सुरू झालेल्या स्वतंत्र कॉमिकचा पहिला अंक, 91 लाख 20 हजार डॉलरला गेला. सुपरमॅनचा पहिला अंक नाही तो, वर्षभर नंतरचा, पण कॉपी 9.0 होती, त्या अंकाच्या ज्ञात कॉप्यांत सगळ्यात वरची, आणि आली कुठून तर कॅलिफोर्नियात तीन भावांना आई गेल्यावर पोटमाळ्यावर जुन्या पेपरांखाली खोक्यात मिळाली. त्याआधी एप्रिल 2024 मध्ये अ‍ॅक्शन 1 ची 8.5 ची कॉपी 60 लाखांना गेली होती. म्हणजे "पहिला" हा मान जिच्याकडे नाही ती "पहिल्या"पेक्षा महाग गेली, अर्ध्या मार्कावर.

दोन 9.0, मग जास्त कोण

इथे प्रकरण खरं रंगतं. केजची कॉपी 2011 मध्ये एकटी 9.0 होती. मग ऑगस्ट 2014 मध्ये दुसरी 9.0 ईबेवर आली. ती पश्चिम व्हर्जिनियातल्या एका माणसानं 1938 मध्येच ठेल्यावरून घेतलेली आणि देवदाराच्या पेटीत थंड कोरड्या जागी ठेवलेली, त्यामुळे पानं अगदी पांढरी. ती 32 लाख डॉलरच्या वर गेली. मार्क तेच, पण पानांचा पांढरेपणा वेगळा लिहिलेला असतो लेबलवर, आणि तिथे हिनं बाजी मारली. माझ्या डोक्यानं विचाराल तर वस्तू म्हणून ही कॉपी सरस. एकाच घरात, एकाच पेटीत, चोरी नाही, लॉकर नाही, कुठे कुठे हिंडली असेल याची धास्ती नाही.

पण दीड कोटी मिळाले ते केजच्या कॉपीला. मधे बारा वर्षांचं अंतर आहे, बाजार तोवर कुठल्या कुठे गेलाय, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून हिची किंमत तिच्या पाचपट असं म्हणणं बरोबर नाही, पांढऱ्या पानांची उद्या विकायला निघाली तर काय होईल सांगता येत नाही. तरी एक गोष्ट नक्की, ज्याला ही कला-बिला काही माहीत नाही अशा माणसालाही "निकोलस केजचं चोरीला गेलेलं सुपरमॅन कॉमिक" एवढं एक वाक्य पुरतं. देवदाराच्या पेटीची गोष्ट कलेक्टरला आवडते, चोरीची सगळ्यांना आवडते. चोरानं केजचं जेवढं नुकसान केलं त्याच्या कितीतरी पट या कागदाची किंमत वाढवून ठेवली असं म्हणायला हरकत नाही, फक्त ते पैसे केजला मिळाले नाहीत, त्यानं 2011 मध्येच विकून टाकली.

कॉपी आधी कुणाकडे होती याला या धंद्यात पेडिग्री म्हणतात, पण त्याचा मूळ अर्थ सेलिब्रिटी वगैरे नाही. पेडिग्री म्हणजे एकाच मूळ मालकानं ठेल्यावरून नवे नवे घेतलेले आणि एकत्र राहिलेले अंक. सगळ्यात नावाजलेली डेन्व्हरच्या एडगर चर्च नावाच्या चित्रकाराची, त्यानं हजारो अंक थप्प्या लावून थंड कोरड्या खोलीत ठेवले होते आणि 1977 मध्ये माइल हाय कॉमिक्स या दुकानाच्या चक रोझान्स्कीनं ते विकत घेतले, म्हणून त्याला माइल हाय असंही म्हणतात. त्यातल्या अ‍ॅक्शन 1 ला जाणकार जगातली सर्वोत्तम कॉपी मानतात, आणि ती सीजीसीकडे गेलेलीच नाही. डबी नाही, नंबर नाही, तरी सगळ्यांच्या यादीत वरती. यावरून ग्रेडवाल्यांनी थोडं नम्र व्हायला हरकत नाही असं मला वाटतं, मार्कांच्या आधीही लोकांना चांगलं कॉमिक ओळखता यायचं.

मालकी कुणाची होती हे सिद्ध कसं करतात हाही प्रश्न लोक विचारतात. प्रत्येक जुन्या कॉपीला आपल्या आपल्या खुणा असतात. कव्हर छापताना किती तिरकं कापलं गेलं, पीन कुठे घुसली, एखादी बारीक घडी, शाईचा ठिपका, ठेलेवाल्यानं मागे मारलेला तारखेचा शिक्का. जुना फोटो हाताशी असला की दोन कॉप्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात, आणि म्हणूनच एवढी नावाजलेली कॉपी चोरून चोराला ती विकता येत नाही. कुणाला दाखवणार? लॉकरमध्येच पडून राहणार.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. 1974 मध्ये डीसीनंच अ‍ॅक्शन 1 ची मोठ्या आकाराची हुबेहूब पुनर्मुद्रित आवृत्ती काढली, आतल्या जाहिराती, दहा सेंटची किंमत, सगळं तसंच. बाहेरून जाड कव्हर होतं ज्यावर नव्यानं काढल्याचं लिहिलेलं, पण ते काढून टाकलं की आत उरतं ते अगदी मूळ अंकासारखं. "आजोबांच्या ट्रंकेत मिळाली" म्हणून येणाऱ्या बऱ्याच कॉप्या ह्याच निघतात. तपासायला काही यंत्र लागत नाही, फूटपट्टी लावा. मूळ अंक साधारण पावणेआठ इंच रुंद, साडेदहा इंच उंच. तुमचा साडेतेरा इंच उंच असेल तर आजोबांनी तो 1974 नंतर घेतलाय.

एकशेतीस डॉलर

ही गोष्ट सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. सीगल आणि शुस्टरनं सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरला दिले. 1 मार्च 1938 चा 412 डॉलरचा चेक आहे, त्यात या 130 शिवाय बाकीच्या अंकांच्या कामाचे पैसे धरलेले, आणि चेकवर नावं चुकीची लिहिलेली, म्हणून दोघांनी मागे दोन दोन सह्या केल्यात, एकदा चेकवर आहे तशी आणि एकदा स्वतःच्या खऱ्या नावानं. नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, दोघं हरले, हलाखीत दिवस काढले, आणि 1975 च्या शेवटी बराच आरडाओरडा झाल्यावर डीसीची मालक कंपनी वॉर्नरनं वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर आणि निर्माते म्हणून नाव द्यायचं कबूल केलं. तो चेक 2012 मध्ये लिलावात 1,60,000 डॉलरला गेला. म्हणजे ज्या कागदानं त्यांना लुबाडलं तो कागद सुद्धा कलेक्टरच्या वस्तूंत जमा झाला आणि त्याचेही पैसे तिसऱ्याच माणसाला मिळाले.

मला या बाजारात खटकतं ते हेच. एक कॉपी परत परत विकली जाते, दर वेळी डीलरला कमिशन, लिलाववाल्याला कमिशन, मालकाला नफा, आणि ज्यांच्या डोक्यातून आणि हातातून ती 13 पानं आली त्यांना एक छदाम नाही. कायद्यानं ते बरोबरच आहे, जुनं पुस्तक विकलं तर लेखकाला कोण देतं. पण दीड कोटीचा आकडा वाचताना 130 चा आकडा डोक्यात वाजत राहतोच.

एक बारकं पण छान प्रकरण मात्र सांगतो, 2010 मध्ये घराचे हप्ते थकल्यामुळे घर जप्त होण्याच्या बेतात असलेल्या एका अमेरिकन कुटुंबाला सामान बांधताना तळघरात अ‍ॅक्शन 1 मिळाली, 5.0 ची, ती 4,36,000 डॉलरला गेली आणि घर वाचलं.

आता पुढे काय

कॉमिक महत्त्वाचं कशानं होतं तर पहिलेपणानं, तब्येतीनं, हकिकतीनं, हे एव्हाना आलंच. पण या तिन्हीच्या खाली एक गोष्ट आहे ती म्हणजे हवं असणारे लोक. स्पायडरमॅनचा पहिला अंक अमेझिंग फॅण्टसी 15 हा 1962 चा, त्याच्या कॉप्या अ‍ॅक्शन 1 च्या मानानं भरपूर आहेत, तरी सप्टेंबर 2021 मध्ये 9.6 ची कॉपी 36 लाख डॉलरला गेली, कारण स्पायडरमॅनवर जीव असणारी माणसं आज पैसेवाली झालीयेत. 1938 मध्ये दहा सेंट देऊन सुपरमॅन वाचलेली पोरं आता जवळपास कुणी उरली नाहीत. दीड कोटी मोजणाऱ्यानं तो अंक ठेल्यावर बघितलेला नसणार हे उघड आहे, त्याला सुपरमॅन बहुतेक सिनेमातून माहीत असणार, आणि हातात आलेली कॉपी डबीत बंद असल्यामुळे तो ती वाचणारही नाही. त्यामुळे आठवणींवर चालणारा बाजार आठवणवाली पिढी गेली की बसेल, असं जे म्हणतात ते निदान या अंकापुरतं खोटं ठरलंय. आपल्याकडच्या मराठी इंद्रजालच्या अंकांचं काय होईल ते सांगता येत नाही, कारण वेताळ मराठीत वाचलेली पिढी आहे तोवरच त्यांना गिऱ्हाईक आहे, नव्या पोरांना वेताळ माहीतच नाही. सुपरमॅनला दर पाच दहा वर्षांनी नवा सिनेमा मिळतो.

पुढची परीक्षा 1 जानेवारी 2034 ला. त्या दिवशी अमेरिकेत अ‍ॅक्शन 1 चा कॉपीराइट संपतो, म्हणजे त्या अंकातली गोष्ट आणि त्यातला सुपरमॅन कुणीही छापावा. बरेच जण विचारतात की मग मूळ अंकाचा भाव पडेल का. मला नाही वाटत. गोष्ट वाचायची असेल तर ती 1974 पासून चार दोन डॉलरला मिळतेच आहे आणि तरी भाव चढतच गेला. 2034 मध्ये लाखभर नवीन छापील कॉप्या आल्या तर फार तर एवढंच होईल की फूटपट्टी लावायला लागणारे आजोबांचे अंक वाढतील.